ठाकूरची शाल, जयचं नाणं

'शोले' किती वेळा पाहिलाय तुम्ही? चारदा? दहादा? मग एक सांगा. हवेलीवर जेलरसाहेब भेटायला येतात आणि ठाकूर बलदेवसिंग पहिल्यांदा आपल्यासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या अंगावर काय असतं?

शाल. खांद्यांवरून खाली सोडलेली, अंगभर लपेटलेली.

आता तोच प्रसंग आठवून बघा. घरी पाहुणा आलाय, तोही ओळखीचा, मान ठेवावा असा. ठाकूर नमस्काराला हात जोडत नाही. हात पुढे करत नाही. बोलता बोलता बोटानं काही दाखवत नाही. पाहुण्याचं हवं-नको बघायला रामलाल आहे. आणि आपल्याला यात काही म्हणजे काही खटकत नाही! खानदानी माणूस आहे, गंभीर आहे, अंगावर शाल आहे, एवढंच आपण टिपतो. या माणसाला हातच नाहीत हे जवळजवळ निम्मा सिनेमा संपल्यावर कळतं आणि काळजात चर्र होतं. पण ते सत्य पहिल्या काही मिनिटांतच आपल्या डोळ्यांपुढं उभं होतं. शालीआड होतं, इतकंच.

मग आपल्या लक्षात का येत नाही? शाल ही त्या युक्तीची फक्त अर्धी बाजू आहे, उरलेली अर्धी तर कमालीची आहे. ठाकूर जेलरला दोन माणसांबद्दल सांगू लागतो आणि गोष्ट मागे जाते. मालगाडी धावतेय. तरुण, वर्दीतला ठाकूर जय-वीरूला बेड्या घालून घेऊन चाललाय. दरोडेखोर तुटून पडतात आणि हाच ठाकूर बंदूक चालवतो. दोन्ही हातांनी! म्हणजे हातांबद्दल शंका यायच्या आतच पटकथा आपल्याला हात दाखवून मोकळी झाली. सलीम-जावेद यांनी लिहिलेली आणि रमेश सिप्पींनी चित्रित केलेली ही चलाखी 1975 पासून आजतागायत चालतेय. गोष्ट ठाऊक असूनही पुढच्या वेळी आपण पुन्हा फसतो.

सिनेमाच्या सुरुवातीचं मला वेड लागलं ते इथून. पहिल्या पाच-दहा मिनिटांत दिग्दर्शक नेमकं करतो काय? आपल्याला वाटतं, पात्रांची ओळख करून देत असेल, गाव दाखवत असेल, श्रेयनामावली संपायची वाट बघत असेल. प्रत्यक्षात तो आपल्या डोळ्यांना वळण लावत असतो. कुठं बघायचं, कुणावर भरवसा ठेवायचा, कशाची वाट पाहायची हे सगळं शिकवत असतो, आणि आपण शिकतोय याची आपल्याला गंधवार्ताही नसते.

हे घडू शकतं, कारण आपलं मन पहिल्या माहितीला घट्ट धरून बसतं. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं 1946 साली एक अगदी साधा प्रयोग मांडला. एका माणसाचं वर्णन सहा शब्दांत: बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. काही जणांना त्यानं ही यादी अशीच दिली, काहींना उलट्या क्रमानं. शब्द तेच, माणूसही तोच. पण 'बुद्धिमान'पासून सुरुवात झालेल्यांना तो एकंदरीत बरा माणूस वाटला. थोडे दोष आहेत, पण कर्तबगार. 'मत्सरी'पासून सुरुवात झालेल्यांचं मत त्याच्याबद्दल बरंच वाईट झालं. पहिल्या शब्दानं पुढच्या सगळ्या शब्दांचा रंग बदलला! स्थळ बघायला गेल्यावर मुलगा दारातच आईवर खेकसला, तर पुढं त्यानं कितीही अदबीनं चहा पुढं केला तरी काय उपयोग?

आपल्या रंगभूमीला हे केव्हाच उमगलं होतं. तमाशात वग थेट सुरू होत नाही. आधी गण, मग गौळण, मग बतावणी. गणात हात जोडले जातात, गौळणीत थट्टा रंगते, बतावणीत हशा पिकतो, आणि तोवर चहूकडून आलेल्या माणसांचा एक प्रेक्षक झालेला असतो. संगीत नाटकात तिसरी घंटा होते, नांदी सुरू होते आणि कुजबुज आपोआप थांबते. सिनेमानं हे काम कसं उचललं बघा. पुण्याच्या 'प्रभात'ची तुतारी वाजवणारी ती स्त्री आठवते? गोष्ट अजून सुरूही झालेली नसायची, पण ती तुतारी दिसली की आता काहीतरी भारदस्त बघायला मिळणार, अशी खूणगाठ बांधूनच माणसं खुर्चीत सावरून बसायची.

त्याच 'प्रभात'चा 1936 सालचा 'संत तुकाराम' माझ्या मते आपल्याकडच्या सर्वांत सुंदर सुरुवातींपैकी एक आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अभंग गातोय. डोळे मिटलेले. समोर कुणी ऐकतंय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आवाजात कसरत नाही. श्वास घ्यावा इतक्या सहज तो गातो. आपणही त्या सुरात हळूहळू बसतो.

आणि एकदम तेच शब्द दुसऱ्या गळ्यातून येतात. देवळात सालोमालो गातोय. अभंग तोच, पण आता त्याला मुरक्या फुटल्यात, ताना फुटल्यात. चेहऱ्यावर आविर्भाव आहे, नजर सारखी ऐकणाऱ्यांवर आहे. आणि कडी म्हणजे रचनाकार म्हणून नाव लावलंय ते स्वतःचं!

एवढ्यात काय काय झालं ते मोजा. संत कोण, भोंदू कोण, ते कळलं. चोरी कशाची झाली, ते कळलं. पुढचं भांडण कशावरून पेटणार, तेही कळलं. 'हा दुष्ट आहे हं' असं कुणी बजावलेलं नाही, सगळं काम गाण्यानं केलं. आणि आणखी एक गंमत आहे, ती त्या वेळच्या प्रेक्षकाला आपल्यापेक्षा चटकन जाणवली असेल. 1936 चा मराठी माणूस नाट्यसंगीतावर वाढलेला होता. 'वन्स मोअर' घेणारी गायकी त्याच्या कानात मुरलेली होती. सालोमालोची ती नटवी तान ऐकताच, हा देवासाठी नाही, टाळ्यांसाठी गातोय, हे त्यानं क्षणात ओळखलं असणार. केशवराव भोळ्यांनी चालींतूनच दोन माणसं उभी केली. आणि त्या साध्या, निगर्वी तुकारामाचा गळा ज्यांचा, ते पागनीस स्वतः संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून गाजलेले गायक नट! तो सगळा नटवेपणा त्यांना येत होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. दामले-फत्तेलालांची ही सुरुवात मी जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा अंगावर काटा आलाय.

गाण्यानं माणूस उभा राहतो, तसा नुसत्या हातानंही राहतो. ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ इव्हिल', 1958. पहिल्याच चित्रात दोन हात आणि त्यांत टाइमबॉम्ब. हात काटा फिरवतात, बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत जातो, एक जोडपं येऊन त्याच मोटारीत बसतं आणि निघतं. तिथून तीनेक मिनिटं कॅमेरा कुठंही न तुटता मेक्सिकोच्या सीमेवरच्या त्या गावातून फिरत राहतो. गर्दी आहे, संगीत आहे, एक नवविवाहित जोडपं रमतगमत त्या मोटारीच्या आगेमागे चाललंय. रस्त्यावरची संध्याकाळच ती, दुसरं काय! पण आपल्याला बॉम्ब ठाऊक आहे, त्यांना नाही. एवढ्या एका माहितीनं एक साधा रस्ता बघणं असह्य होऊन जातं.

आणि 1972 चा 'द गॉडफादर'? तिथं तर पहिली कितीतरी मिनिटं नायकच दिसत नाही. काळोखातून एका घाबरलेल्या बापाचा चेहरा आपल्याशी बोलतो. मुलीवर अत्याचार झालाय, कोर्टानं न्याय दिला नाही. कॅमेरा इतक्या संथपणे मागे सरकतो की सरकतोय हे कळतही नाही. मग चौकटीच्या कडेला एका माणसाची पाठमोरी आकृती येते. बाप रडू लागतो. त्या पाठमोऱ्या माणसाचा हात किंचित हलतो आणि लगेच कुणीतरी रडणाऱ्यासमोर पेला धरतं. बस! चेहरा नाही, आवाज नाही, पिस्तूल नाही. ज्याचा हात एवढासा हलला की खोली हलते, त्याच्या ताकदीबद्दल आणखी काय सांगायचं? गंमत बघा, कोपोलानं माणूस लपवून हात दाखवला आणि तीन वर्षांनी सिप्पींनी हात लपवून माणूस दाखवला.

पण सुरुवात दर वेळी पात्राचीच ओळख करून देते असं नाही. कधी ती आपल्याला बघायला बसवते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) पहिल्यांदा पाहताना मी थोडा अस्वस्थ झालो होतो. घरात एक वयस्कर माणूस मुलांची शिकवणी घेतोय. कॅमेरा एका जागी ठाण मांडून, लांबून. माणूस निघतो, बसमध्ये बसतो, एका कार्यक्रमाच्या मंचावर जातो, गाऊ लागतो. हे लोकशाहीर नारायण कांबळे. गाणं चालू असतानाच पोलीस येऊन त्यांना घेऊन जातात. कुणाच्या डोळ्यांतले अश्रू जवळून दाखवलेले नाहीत, काळजाचा ठोका चुकवणारं संगीत नाही. का? कारण पुढं आपल्याला न्यायालयात बसायचंय. तारखेमागून तारीख पडणार आहे, कागद वाचले जाणार आहेत. ते रटाळ कामकाज डोळ्यांत तेल घालून बघायचं असेल, तर घाईची सवय मोडायलाच हवी. ती सिनेमा सुरुवातीलाच मोडतो. आणि आणखी एक. पहिल्या प्रसंगात कांबळे मुलांमध्ये बसून शिकवतात. शेवटच्या प्रसंगात न्यायाधीश सुट्टीवर आहेत, बाकावर डुलकी लागलीय, मुलं खोडी काढून त्यांना उठवतात आणि ते एका मुलाच्या कानाखाली लगावतात. ही दोन चित्रं शेजारी ठेवलीत की 'कोर्ट' कशाबद्दल होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तही (2013) हाच धागा आहे, फक्त इथं तो गलोलीचा आहे. जब्या रानात काळ्या चिमणीच्या मागावर आहे. तिची राख आपल्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की शालू आपली होईल, अशी त्याची भाबडी समजूत. नेम धरलेला मुलगा, झाडावरचं पाखरू. किती निरागस सुरुवात! आता एका हळव्या शाळकरी प्रेमाची गोष्ट बघायला मिळणार म्हणून आपण खुशीत येतो. दीड-दोन तासांनी त्याच जब्याच्या हातात दगड असतो, पण नेम पाखरावर नसतो. दगड भिरभिरत सरळ कॅमेऱ्यावर येतो. आपल्यावर. सुरुवातीला त्या नेमाकडं आपण किती कौतुकानं पाहत होतो!

पहिल्या चित्रातच शेवटाची ठिणगी ठेवायची ही रीत आपल्याकडं तरी सिनेमाच्या जन्मापासून आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं आज बघायला मिळतात, त्यांत पहिला प्रसंग कुठला आहे? राजा आपल्या लहानग्या मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, राणी तारामती शेजारी आहे. छान, भरलेलं घर. पण ही कथा कुणाला ठाऊक नव्हती? गिरगावात 'कोरोनेशन'मध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, की चौकटीत दिसतंय ते एकेक करून या राजाच्या हातून जाणार आहे. राज्य, राणी, मुलगा, सगळं. फाळक्यांनी हरवणार असलेल्या गोष्टींची यादीच आधी समोर ठेवली. एकही संवाद न ऐकवता, कारण पडद्याला आवाज फुटायला अजून बरीच वर्षं होती.

आता पुन्हा त्या मालगाडीत चला, कारण तिथं एक गोष्ट राहिलीय.

दरोडेखोर हटलेत. ठाकूर गोळी लागून बेशुद्ध पडलाय. जय-वीरूला आता अडवायला कुणी नाही. पळून जावं की या इन्स्पेक्टरला दवाखान्यात पोचवावं? दोघांचं ठरत नाही. मग जय खिशातून नाणं काढतो. एक बाजू पडली तर दवाखाना, दुसरी पडली तर पळ. नाणं उडतं आणि ठाकूरचा जीव वाचतो. पहिल्यांदा बघताना यातून आपल्याला काय कळतं? दोघं बेफिकीर आहेत, दिलदार आहेत आणि नशिबावर सोडून देणारे आहेत. एवढ्या ओळखीवर आपण त्यांच्याबरोबर रामगढला निघतो.

शेवटी, जय गेल्यावर, ते नाणं वीरूच्या हाती लागतं. तो उलटून बघतो. दोन्ही बाजू सारख्याच.

म्हणजे त्या पहिल्या वेळी गाडीत नशिबाचा काही संबंधच नव्हता! नाणं कसंही पडलं असतं तरी जखमी माणूस दवाखान्यात पोचणारच होता. जयनं ते आधीच ठरवलं होतं, बढाई मारायची नव्हती म्हणून नाण्याच्या आड ठेवलं होतं. तीन तासांपूर्वी पाहिलेला प्रसंग जागच्या जागी बदलतो. फ्रेम तीच, संवाद तेच, माणूस मात्र दुसराच निघतो.

पुढच्या वेळी 'शोले' लागला की तो गाडीचा प्रसंग चुकवू नका. पहिल्या खेपेला आपण सगळे नाण्याकडं बघत होतो. या खेपेला जयच्या चेहऱ्याकडं बघा.