कागद येईपर्यंतचा काळ

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव माहितीच्या अधिकाराशी कायमचे जोडले गेले आहे, कारण या गावच्या अण्णा हजारे यांनी राज्यातील माहिती अधिकाराच्या कायद्यासाठी २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले होते; केंद्राचा कायदा त्यानंतर, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. सरकारी दप्तरातील कागद पाहण्याच्या या हक्काची चर्चा बहुधा भ्रष्टाचाराच्या संदर्भात होते, परंतु खोट्या बातमीची पारख करण्याचे साधन म्हणूनही त्याचे मोल मोठे आहे, आणि त्याचा प्रत्यय खुद्द हजारे यांच्याच बाबतीत आला.

२०११ मध्ये लोकपाल आंदोलन भरात असताना हजारे हे सैन्यातून पळून आलेले शिपाई आहेत, असा आरोप पसरला. अशा आरोपाचा निवाडा बोलणाऱ्याच्या वजनावरून किंवा ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या लोकप्रियतेवरून करण्याची सवय समाजाला असते. येथे मात्र तो माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या एका प्रश्नाने झाला, कारण हजारे पळून गेले नव्हते, तर १२ वर्षांच्या सेवेनंतर सन्मानाने सेवामुक्त झाले होते, असे लष्कराने लेखी उत्तरात कळविले.

न तपासता, पण सद्भावनेने पुढे पाठविलेली चुकीची माहिती आणि फसविण्याच्या हेतूने मुद्दाम रचलेली माहिती, म्हणजे अपप्रचार, यांत अभ्यासक फरक करतात. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण त्यात छायाचित्र किंवा चित्रफीत खरीच असते, केवळ तिचा काळ, स्थळ किंवा हेतू बदललेला असतो. मुले पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून २०१८ मध्ये भारतभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती; शेवटचा संदेश कापून टाकल्यामुळे जनजागृतीसाठी केलेला अभिनय प्रत्यक्ष अपहरण भासू लागला.

अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत फिरणाऱ्या त्या भटक्या लोकांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले होते, मुले पळविण्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता, आणि त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, म्हणजे गावाने एकत्र बसून खरेखोटे करावे अशा जागी. अफवेचा घाव ओळखदेख नसलेल्या, ओळखपत्रापलीकडे आपली बाजू मांडण्याचे साधन नसलेल्या माणसावर आधी पडतो, ही गोष्ट या घटनेत विशेष क्लेशदायक आहे.

त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच गटांकडे किंवा व्यक्तींकडे पुढे पाठविण्याची मर्यादा घातली, तसेच पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली; अनेक वेळा फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाण असतो. मात्र खूण संदेशाचा प्रवास सांगते, त्याचे खरेपण नव्हे. म्हणून मजकूर कोणत्या दिवशीचा आणि कोणत्या गावचा आहे, तो प्रथम कोणी प्रसिद्ध केला, नावानिशी जबाबदारी कोण घेते, हे वाचकालाच पाहावे लागते. छायाचित्र शोधयंत्रात टाकले तर त्याचे जुने ठिकाण अनेकदा सापडते, आणि आपल्याच परिसरातील मूल पळविल्याचा दावा असेल तर पोलीस ठाण्यात एक फोन पुरेसा असतो.

खरी अडचण वेळेची आहे. माहितीच्या अधिकारात उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, तर अफवा मिनिटांत गाव ओलांडते, आणि या दोहोंमधल्या काळात संदेश आपल्यापाशीच थांबविणे एवढेच सामान्य वाचकाच्या हातात उरते. राईनपाड्यात तेवढा धीर कोणी धरला नाही. त्या प्रकरणी धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली ती २०२४ मध्ये.