दोन शब्दांची शिल्लक

गोष्ट १९९० सालची. पुण्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी तेव्हा काउंटरवर बसत असे. एक निवृत्त गृहस्थ दर मंगळवारी येत आणि ५० रुपये काढत. पितळी टोकन मुठीत धरून बाकावर बसत, शेजारच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत. पैसे घेताना मला विचारत, ''काय साहेब, लेक शाळेत रमली का?'' मागे रांग खोळंबलेली असे.

एकदा मी त्यांना हिशेबी सल्ला दिला, ''काका, महिन्याचे एकदम का नाही काढत? हेलपाटे वाचतील.'' ते हसले. ''खरं आहे तुमचं,'' म्हणाले. पुढे महिन्यातून एकदाच येऊ लागले. आपण त्यांची केवढी सोय केली, असे मला वाटले!

मी निवृत्त झालो. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. लेक परगावी. बिले फोनवर भरायची, पैसे यंत्रातून काढायचे. एका संध्याकाळी लेकीचा फोन आला आणि माझा आवाजच फुटेना. आदल्या दिवसापासून मी कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. त्या क्षणी ते काका आठवले.

दुसऱ्या दिवशी मंडईत गेलो. भाजीवाली म्हणाली, ''बाबा, एकट्यापुरती अर्धी जुडी घ्या, बाकीची सुकून जाती.'' मी एकटा आहे हे तिने कसे ओळखले, कोण जाणे! ते वाक्य मला दिवसभर पुरले.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी २०१४ साली शिकागोच्या रेल्वे प्रवाशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना अनोळखी सहप्रवाशाशी बोलायला सांगितले, काहींना गप्प बसायला. बोलण्याने प्रवास कमी सुखाचा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला. लोकलच्या डब्यात भजने म्हणणाऱ्या, दसऱ्याला डबा सजवणाऱ्या आपल्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको.

अर्थात समोरचा पुस्तकात गढला असेल, तर त्याला छळू नये. पण रिक्षावाला, वॉचमन, दूधवाला यांच्याशी दोन शब्द बोलायला काय खर्च येतो?

काकांची माफी मागायची राहूनच गेली. मी मात्र आता दर मंगळवारी शाखेत जातो. परवा काउंटरवरची मुलगी म्हणाली, ''काका, हे सगळं मोबाइलवर होतं. कशाला हेलपाटा घालता?''

मी हसलो. ''खरं आहे तुझं,'' म्हणालो.

येत्या मंगळवारी पुन्हा जाणार आहे.