गोळ्या दिवसाआड की रोज?

गेल्या महिन्यात एक वयस्कर गृहस्थ सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. सुनेच्या उजव्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले होते. सरकारी रुग्णालयात सुईने पाणी काढून तपासले, क्षयाचे निदान झाले आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप गेला, भूक लागू लागली. दीड महिन्याने पुन्हा बारीक ताप. मी गोळ्यांची पाकिटे मागवून मोजली, तर जवळजवळ निम्म्या शिल्लक!

"डॉक्टरसाहेब, मला २०१२ साली हेच दुखणे झाले होते," सासरे म्हणाले. "तेव्हा सोमवार, बुधवार, शुक्रवार अशाच गोळ्या होत्या. मी ठणठणीत झालो. मग पोरीला रोज एवढे गरम औषध कशाला?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १९९७ पासून आपल्या क्षयरोग कार्यक्रमात आठवड्यातून तीनच दिवस औषध असे. डोस कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत घ्यायचा, आणि रोज कोणाला केंद्रावर बोलावणार? पण त्या तीन दिवसांची मात्रा जबर असे, सुरुवातीला एका वेळी सात गोळ्या. त्यांत आयसोनियाझिड ६०० मिलिग्रॅम. सुनेचे वजन ४५ किलो, तिला रोज तीन संयुक्त गोळ्या. त्यांत आयसोनियाझिड २२५. म्हणजे रोजच्या हिशेबाने केलेली गोळी दिवसाआड घेतली, तर औषध निम्मेच पोटात जाते. हे सासऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते, आणि त्यांना ते कोणी सांगितलेही नसावे.

पद्धत बदलली कशासाठी? तीनपैकी एक डोस चुकला, तर मध्ये चार-पाच दिवसांचे अंतर पडे. रोजच्यात एक चुकला, तर दोनच दिवसांचे. दिवसाआडच्या उपचारात रोग उलटण्याचे आणि जंतू औषधाला दाद न देण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणून २०१७ मध्ये देशभर रोजचे औषध आले.

मुदत मात्र सहा महिन्यांचीच आहे. दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. छातीतल्या पाण्याच्या रुग्णाचा घात इथेच होतो. पाणी काढल्यावर धाप थांबते, आणि औषध कंटाळवाणे वाटू लागते.

एखादा डोस विसरलात, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. लघवी नारिंगी होते, तिला घाबरू नये. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सुनेला मी लगेच क्षयरोग केंद्रात पाठवले. किती डोस चुकले ते तिथे लपवू नका, असे सासऱ्यांना बजावले. औषध पुढे कसे चालवायचे आणि जंतू अजून औषधाला दाद देतात का, हे त्या आकड्यावाचून तिथल्या डॉक्टरांनाही ठरवता येणार नव्हते.