तेल परत येण्याची वाट : घरी बांधलेलं विमान आणि रोटरी इंजिन

घरी विमान बांधायचं म्हटलं की बोलणं पंख, प्रोपेलर आणि इंजिनाची ताकद यांवर येतं. तेलाचा दाब किती ठेवायचा, हेही विचारलं जातं. पण काम उरकल्यावर ते तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये परत कसं येतं, हे फार थोडे विचारतात. तेल वर चढवायला पंप असतो. खाली यायला मात्र बहुतेक ठिकाणी फक्त ढाळ असतो, आणि विमान जमिनीवरून उठलं की तो ढाळ बदलतो. रोटरी इंजिन वापरणाऱ्याने परतीचा हा प्रश्न कागदावरच सोडवायला हवा.

महाराष्ट्रातला अनुभव

रोटरी इंजिनावर विमान उडवण्याचं काम आपल्याकडे झालेलं आहे. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वँकेल रोटरी इंजिन देशातच तयार झालं. त्यात अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा होता. इंजिनाचा गाभा बेंगळुरूच्या एनएएल या प्रयोगशाळेने घडवला. प्रज्वलन आणि इंधन यांच्या यंत्रणा व्हीआरडीईने केल्या. मार्च २००९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या धावपट्टीवरून हे इंजिन पहिल्यांदा उडालं.

घरी विमान बांधण्याचं उदाहरणही जवळचंच आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली. त्या विमानाचं इंजिन पिस्टनचं आहे. पण इथे राहून, इथल्या कारागिरांकडून कामं करून घेऊन विमान उभं राहू शकतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या लेथवर आणि वेल्डिंगच्या टेबलावर तेलाचं चेंबर, नळीचं तोंड, ब्रॅकेट या सगळ्या गोष्टी होऊ शकतात. मात्र काय करून हवं आहे, हे आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे.

इंजिनात तेल कुठे कुठे जातं

जगभर घरी बांधलेल्या विमानांत सर्वाधिक वापरलं गेलेलं रोटरी इंजिन म्हणजे माझदा कंपनीचं १३बी. त्यात दोन त्रिकोणी रोटर असतात, प्रत्येकी ६५४ घनसेंटीमीटरचे. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, कनेक्टिंग रॉड यांपैकी काहीच नसल्यामुळे हलणारे भाग मोजके आहेत. म्हणूनच विमानवाल्यांना हे इंजिन आवडतं.

तेलाला मात्र इथे जास्तीचं काम आहे. शाफ्टमधल्या बारीक जेटमधून तेल रोटरच्या पोटात फवारलं जातं आणि तिथली उष्णता घेऊन बाहेर पडतं. एरवी तेलाचं मुख्य काम वंगणाचं; इथे थंडाव्याचाही मोठा भार तेलावरच असतो. त्यामुळे तेल जास्त फिरतं, जास्त तापतं आणि खाली येताना हवेत घुसळून निघतं. परतीच्या वाटेवर आपल्या हाती येतं ते फेसाळ तेल. फेसाला जागा जास्त लागते, म्हणून परतीची नळी नेहमी जाड ठेवायची.

रोटरच्या दोन्ही बाजूंना तेलाच्या रिंगा असतात. खालचं तेल लवकर निघून गेलं नाही, साचत राहिलं, तर ते या रिंगांना ओलांडून ज्वलनकक्षात जातं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. अशा वेळी रिंगा खराब झाल्या असं समजून इंजिन खोललं जातं. प्रत्यक्षात दोष निचऱ्याचा असू शकतो.

काही लहान ड्रोन-इंजिनांत तेल मोजून सोडतात आणि ते जळून बाहेर जातं, परत आणायचं नसतंच. आपण इथे परत येणाऱ्या तेलाबद्दल बोलतो आहोत.

ढाळाचा हिशोब

विमान व्यवस्थित वळण घेतं तेव्हा कितीही कललं तरी तेल चेंबरच्या तळाशीच राहतं, कारण वजनाची दिशा विमानाच्या तळाकडेच असते. त्रास होतो तो नाक वर किंवा खाली असताना, आणि विमान बाजूला घसरतं तेव्हा.

एक साधं गणित करून पाहू. परतीची नळी ६० सेंमी लांब आहे आणि मागून पुढे येताना १० सेंमी उतरते. हँगरमध्ये उभ्या विमानात हा ढाळ भरपूर वाटतो. त्याचा कोन साधारण साडेनऊ अंश. आता विमानाने नाक १२ अंश वर करून चढायला सुरुवात केली. ढाळ संपला, उलटा झाला. तेलाला आता अडीच सेंमी वर चढायचं आहे. इंजिन पूर्ण ताकदीने चालू आहे, पंप तेल ढकलतो आहे आणि परतीची वाट बंद. चढण पाच-दहा मिनिटं चालते. तेवढ्या वेळात चेंबर रिकामं व्हायला लागतं.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या दिशेची. प्रोपेलर पुढे असलेल्या विमानात कारच्या गिअरबॉक्सकडची बाजू पुढे येते, म्हणजे इंजिन उलट तोंडाने बसतं. अशा विमानाची चढण म्हणजे इंजिनाच्या लेखी कसारा घाट उतरणारी गाडी. तेल ओढणारी नळी चेंबरमध्ये कुठे आहे, हे म्हणून नव्याने ठरवावं लागतं. ४० सेंमी लांबीच्या चेंबरमध्ये १२ अंशांच्या कलाने दोन टोकांच्या पातळीत साडेआठ सेंमी फरक पडतो. चेंबरच्या आत आडव्या पट्ट्या वेल्ड करून तेलाची धाव रोखायची आणि ओढनळी चढणीतही बुडालेली राहील अशा जागी न्यायची.

टर्बो आणि गिअरबॉक्स

टर्बो लावला तर सर्वांत नाजूक जागा तीच. १३बीचं धुराचं तोंड बाजूला आणि खालच्या अंगाला आहे, त्यामुळे टर्बो चेंबरच्या पातळीजवळ येऊन बसतो. टर्बोच्या शाफ्टवरच्या रिंगा साचलेलं तेल अडवण्यासाठी केलेल्या नसतात. खालची वाट तुंबली की तेल थेट धुराच्या बाजूला जातं, आणि लालबुंद नळीजवळ तेल म्हणजे आगीला आमंत्रण. इथे पाळायचे नियम असे :

- परतीची नळी आतून निदान अर्धा इंच व्यासाची असावी. तेल देणारी नळी बारीक असते, परतीची तशी चालत नाही.
- टर्बोच्या खालचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नसावं.
- नळी चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडावी.
- मध्ये कुठेही झोळ नको. झोळात तेल साचतं आणि वाट अडते.
- इतका ढाळ मिळतच नसेल, तर तेल खेचणारा वेगळा पंप लावावा.

रोटरी इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास चालवतात. प्रोपेलरला तेवढा वेग सोसत नाही, म्हणून मध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स येतो. प्रमाण २.८५ ला १ असेल, तर प्रोपेलर साधारण २,१०० फेऱ्यांनी फिरतो. हा गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे असतो आणि त्याचं तेल मागे वाहतं. चढताना ढाळ वाढतो, उतरताना कमी होतो. टर्बो मागच्या अंगाला असेल तर त्याचं नेमकं उलट. म्हणून दोन्ही नळ्या दोन्ही स्थितींत तपासाव्या लागतात.

हवेलाही वाट हवी

ज्या पोकळीतून तेल खाली येतं, तिथूनच ज्वलनकक्षातून गळून आलेले वायू वर जायला बघतात. हे वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी बारीक असेल, चेपली असेल किंवा तुंबली असेल, तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि खाली येणारं तेल अडतं. ब्रीदर इंजिनाच्या उंच जागी घ्यावा, मध्ये तेल वेगळं करणारा डबा लावावा आणि नळीचं टोक धुराच्या नळीपासून लांब सोडावं.

इंजिन उलटं किंवा आडवं बसवायचं असेल तर

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानातून. त्याचं जिप्सी इंजिन उलटं होतं, सिलिंडर खाली लटकलेले. तिथे तेल खाली साचू देणं परवडणारं नव्हतं, म्हणून तेलाची टाकी वेगळी आणि तेल खेचून टाकीत टाकणारा पंपही वेगळा. यालाच ड्राय संप म्हणतात. कव्हरमध्ये मावावं म्हणून रोटरी आडवं करायचं असेल, तर हीच व्यवस्था करावी लागते. खेचणाऱ्या पंपाची क्षमता देणाऱ्या पंपापेक्षा जास्त हवी, कारण त्याला तेलाबरोबर फेसही ओढायचा असतो.

शेडमध्येच करायची चाचणी

हे सगळं विमानात बसवण्याआधी स्टँडवर पाहता येतं. इंजिन पुढे-मागे कलवता येईल असा स्टँड करून घ्या. परतीच्या रबरी नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावा. साधारण ६० अंश सेल्सिअसला तापवलेलं तेल, इंजिन प्रत्यक्षात देईल तितक्याच वेगाने, बाहेरच्या पंपाने टर्बोच्या किंवा गिअरबॉक्सच्या तोंडात सोडा. खाली मापाचं भांडं ठेवा. दोन लिटर आत जायला जितका वेळ लागला, तितक्याच वेळात दोन लिटर बाहेर यायला हवं. आधी सपाट, मग नाक १५ अंश वर, मग १५ अंश खाली. पारदर्शक नळीत तेल कुठे थबकतं ते डोळ्यांना दिसतं. या चाचणीत फेस तयार होत नाही, म्हणून निकाल जेमतेम आला तर एक माप जाड नळी घ्या. पारदर्शक नळी चाचणीपुरतीच. तिच्यावर इंजिन चालू करायचं नाही.

दाबाचा काटा निचऱ्याबद्दल काही सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. ओढनळीत हवा शिरेपर्यंत तो शांत असतो. आधीची लक्षणं वेगळी असतात : चढणीतच येणारा धूर, तेल मोजायच्या पट्टीवर फेस, वाढत जाणारं तेलाचं तापमान, आणि उतरल्याबरोबर कमी दिसणारी पण अर्ध्या तासाने वाढलेली पातळी.

तेल बदलताना

तेल कोमट असताना सोडा. मागे चाक असलेलं विमान उभं असताना नाक वर असतं, तेव्हा ड्रेन नट पुढे असेल तर शेपूट उचलल्याशिवाय गाळ निघत नाही. कूलरमध्ये आणि नळ्यांत जुनं तेल उरतं, तेही मोकळं करा. नवीन वायसर घाला आणि नटाला सेफ्टी वायर बांधा. कंपनाने सुटलेला ड्रेन नट हवेत परत लावता येत नाही. जुना फिल्टर कापून कागद उलगडून पाहा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा कीस. बेअरिंगची तांबूस चमक चुंबकाला लागत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात विमान आठवडेच्या आठवडे उभं राहतं. झाकणाच्या आत दुधाळ थर दिसला, तर तेलात पाणी आहे. तेल बदलायचे ठरलेले तास पूर्ण झाले नसले तरी ते तेल बदला.

काळ्या तेलाचं काय

काळं तेल सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला मागून नेलं जातं, उरलेलं नाल्यात जातं. वालधुनी आणि उल्हास नद्यांनी असं खूप सोसलं आहे, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावं.

उड्डाणाची तारीख ठरवण्याआधी

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात एका इंजिनाचं विमान बंद पडलं, तर उतरायला मोकळी जागा शोधावी लागेल, इतकी दाट वस्ती आहे. त्यामुळे तेलाच्या परतीची चाचणी ही आपल्यापुरती बाब राहत नाही, खालच्या घरांशीही तिचा संबंध आहे. प्रत्येक परतीच्या नळीचा ढाळ तिन्ही स्थितींत मोजून वहीत लिहा, तो आकडा तपासणीला येणाऱ्या अभियंत्याला दाखवा, आणि एका स्थितीत जरी तेल थबकलं तर नळी बदलून चाचणी पहिल्यापासून करा. तारीख त्यानंतर ठरवा.