हिवाळ्यापूर्वी घराची सिद्धता : मुन्शी घाटाच्या भिंती आणि आपले पत्र्याचे छप्पर

वाराणसीतील दशाश्वमेध घाटापासून दक्षिणेकडे चालत गेल्यास अहिल्याबाई घाटानंतर मुन्शी घाट लागतो. नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने तो ओळखला जातो. काशीतील हे सर्व घाट गंगेच्या पश्चिम तीरावर असून पूर्वाभिमुख आहेत. त्यामुळे सूर्योदयाचे पहिले किरण थेट पायऱ्यांवर व दगडी भिंतींवर पडतात. मात्र डिसेंबरअखेर व जानेवारीत गंगेच्या मैदानावर दाट धुके पसरते आणि कित्येक दिवस सूर्यदर्शन दुर्लभ होते. थंडीसाठी घर सज्ज करताना महाराष्ट्रातील शेतकऱ्याने जाणून घ्यावे असे पुष्कळ काही या ठिकाणी आहे.

जाड भिंतीचे गणित

जाड दगडी किंवा मातीची भिंत दिवसा ऊन शोषते आणि रात्री ती उष्णता हळूहळू सोडते. परंतु सलग धुके पडल्यास भिंतीत साठवण होत नाही. एकदा गार पडलेला दगड मग घरातील ऊबही ओढून घेतो. म्हणून काशीत फटी बंद करणे व अंथरूण जमिनीपासून उचलून घेणे यांस महत्त्व येते. महाराष्ट्रात हिवाळ्याचे दिवस बहुतांशी निरभ्र असतात. त्यामुळे खानदेश, मराठवाड्यातील धाब्याच्या व माळवदाच्या घरांना ही साठवण पुरेपूर लाभते. मात्र निरभ्र आकाशामुळेच रात्री जमिनीची व छपराची उष्णता वेगाने निघून जाते. निफाडसारख्या भागात किमान तापमान काही वर्षी 5 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते, त्याचे हे एक कारण आहे.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी खाली गेल्यास थंडीची लाट मानली जाते. तापमान 4 अंश किंवा त्याखाली गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट घोषित होते.

घरात करावयाची कामे

पत्र्याचे छप्पर हे आजच्या शेतघराचे सर्वांत दुबळे अंग होय. पातळ पत्रा रात्री सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. घरातील बाष्प त्यावर जमून पहाटे थेंब गळतात व अंथरूण, धान्य दोन्ही ओलावतात. पत्र्याखाली बांबूचे तट्टे किंवा बारदान ताणून मध्ये हवेचा थर राखल्यास हा त्रास कमी होतो. हे आच्छादन चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर ठेवावे. कुडाच्या भिंतींना दिवाळीपूर्वी माती व शेणाचा गिलावा द्यावा, म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्यांमधील फटी बुजतात. उत्तरेकडील खिडक्या व दाराखालची फट रात्री बंद करावी. दक्षिणेकडील खिडकी दिवसा उघडी ठेवावी. 22 डिसेंबरच्या सुमारास नागपूर येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ 45 अंशांवर असल्याने दक्षिणेचे ऊन खोलीत दूरवर पोहोचते.

साठवणीचे धान्य भिंतीला टेकवू नये. पोती लाकडी फळ्यांवर रचून भिंतीपासून अंतर सोडावे.

शेगडी : ऊब आणि मृत्यू

काशीच्या परिसरात मातीच्या शेगडीला बोरसी म्हणतात. गोवऱ्या किंवा कोळसा घालून ती खाटेजवळ ठेवण्याची रीत जुनी आहे. बंद खोलीत बोरसी अथवा शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या जवळपास प्रत्येक हिवाळ्यात उत्तर भारतातून येतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो आणि झोपेतील माणसाला जाग येत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक, हा समज घातक आहे.

यासाठी नियम एकच : शेगडी झोपण्यापूर्वी खोलीबाहेर जावी. पेटती असेपर्यंत एक खिडकी उघडी असावी. न्हाणीघरातील गॅस गिझरलाही हाच नियम लागू आहे; तेथे हवा खेळती असावी. डोकेदुखी, मळमळ किंवा गरगरल्यासारखे वाटल्यास तत्काळ मोकळ्या हवेत यावे व रुग्णालय गाठावे.

गोठा व कुक्कुटशाळा

गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूस रात्री गोणपाटाचे पडदे सोडावेत. पण छताखाली फट राखावी, अन्यथा मूत्रातून निघणारा अमोनिया साचून वासरांना श्वसनविकार जडतात. बसण्याची जागा कोरडी हवी. त्यासाठी भुसा किंवा बारीक पाचट अंथरून ते ओले होताच बदलावे. जनावरांना पहाटेचे बर्फगार पाणी देऊ नये, ताजे उपसलेले पाणी द्यावे. कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे 33 ते 35 अंश ऊब लागते. पुढे ती दर आठवड्यास साधारण 3 अंशांनी कमी करावी. पिले दिव्याखाली दाटी करू लागल्यास ऊब अपुरी आहे, दूर पांगल्यास ती जास्त आहे, असे समजावे. कोळशाच्या शेगडीने ऊब दिल्यास तेथेही वायुवीजन अनिवार्य आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गहू-हरभऱ्याच्या रब्बी मेळाव्यांत या विषयासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. छपराचे आच्छादन व कुडाचा गिलावा ही कामे सवडीने करता येतील. शेगडीचा नियम मात्र पहिली थंड रात्र येण्यापूर्वी प्रत्येक घरी पोहोचला पाहिजे.