मोरीतून मैलापाणी वर आलं तर
पावसाळ्यात तळमजल्याच्या मोरीतून मैलापाणी उलटं वर आलं, तर झाडू उचलण्याआधी मेन स्विच बंद करा. तोही कोरड्यात उभं राहून हात पोचत असेल तरच. मुलांना बाहेर काढा, गमबूट-हातमोजे घाला. आधी गाळ काढून साबणाने फरशी घासा, मग ब्लीचिंग पावडर. घाणीवरच ओतली तर तिचा जोर तिथेच संपतो. तिच्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, निघणारा क्लोरीन वायू जिवावर बेततो. भिजलेली गादी, कितीही नवी असो, टाकूनच द्या. पायाला जखम असताना त्या पाण्यात वावरला असाल, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. आणि तुंबलेल्या गटारात कृपा करून कुणाला उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पालिकेची सक्शन गाडी मागवा.