परदेशी पासपोर्ट आणि पनवेलचे फार्महाऊस

मे महिना आला की पनवेलच्या बाजारात कुवेत, लंडन, केपटाऊनहून आलेले आपले लोक दिसू लागतात. आमच्या दुकानात लग्नाचे कापड घेता घेता बोलणे जमिनीवर येते. "सुट्टीत राहण्यापुरते एक फार्महाऊस पाहिजे, कुठे जागा आहे का?" जन्म इथला, बापजादे इथल्याच कब्रस्तानात; पण पासपोर्ट बदलला की कायद्याच्या नजरेत माणूस आपल्याच गावात परका होतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

१९९९ च्या फेमा कायद्याखालील नियम असे आहेत : परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा ओसीआय कार्डधारक इथे फ्लॅट, दुकान, बंगला घेऊ शकतो. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस मात्र विकत घेऊ शकत नाही. बक्षीसपत्रानेही शेतजमीन घेता येत नाही. त्यात महाराष्ट्राच्या १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास परवानगी लागते. म्हणजे दोन्ही दरवाजे बंद.

मग लोक आडवाट शोधतात. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तेच केले. पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून वीस गुंठे भातजमीन धाकट्या भावाच्या नावावर घेतली. पैसा सगळा याचा, सातबाऱ्यावर नाव भावाचे. काही वर्षांनी भावाचा इंतकाल झाला आणि भावजय व पुतण्यांची नावे वारस म्हणून लागली. पुतणे वाईट नाहीत, पण कागद त्यांच्या बाजूचा आहे. कोर्टात जावे तर 'जमीन नावापुरतीच भावाची होती' असे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागणार. तोच बेनामी व्यवहार! १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशी मालमत्ता जप्त होऊ शकते, शिवाय एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. कष्टाची कमाईही गेली आणि घरातला सलोखाही.

तेव्हा घर घेण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

१) जाहिरातीत 'बंगलो प्लॉट' लिहिले म्हणून जमीन बिगरशेती होत नाही. सातबारा आणि फेरफार स्वतः पाहावेत. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असेल किंवा इतर हक्कात कुळाचे नाव असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

२) २०१३ पासून पनवेल तालुक्यातील अनेक गावे सिडकोच्या 'नैना' क्षेत्रात आहेत. तिथे कोणत्या जागेवर रस्ता किंवा आरक्षण आहे, हे सिडकोच्या नकाशावरून कळते. दलालाच्या तोंडून नव्हे.

३) मोठ्या प्लॉटिंग योजनेचा महारेरा नोंदणी क्रमांक मागावा.

४) पैसे बँकेमार्फतच द्यावेत, म्हणजे परदेशातून पाठवून किंवा एनआरई, एनआरओ खात्यातून. रोखीने दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. पुढे घर विकून रक्कम परत न्यायची झाल्यास बँक हाच हिशेब मागते.

५) मुखत्यारपत्र एकाच कामापुरते द्यावे. विक्रीचा अधिकार दिलेला मोघम कागद म्हणजे कोऱ्या चेकवर सही.

६) परदेशी राहणाऱ्याकडून घर विकत घेणाऱ्यालाही धोका आहे. रक्कम देताना कर कापून भरण्याची जबाबदारी त्याची असते आणि तो नेहमीच्या एक टक्क्याने कापून भागत नाही.

वारसाहक्काने मिळालेली शेतजमीन मात्र परदेशी बांधवाला ठेवता येते. विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणून आमचा सल्ला असा : दुसऱ्याच्या नावाने नवी जमीन घेण्याआधी वडिलोपार्जित जमिनीत आपला आणि बहिणींचा हिस्सा सातबाऱ्यावर लागला आहे का, ते तलाठ्याकडे जाऊन पाहा. सुट्टीत राहायला पनवेलमध्ये स्वतःच्या नावाचा एक साधा फ्लॅट पुरे. त्यासाठी भावाला गोत्यात आणू नये आणि स्वतःही येऊ नये.